संदर्भांनीच पाऊण पान खाल्लं, आता काय करू?

घाटंजी तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीचं पत्र आहे. एम.एस्सी. कृषी, कीटकशास्त्र, शेवटचं वर्ष. पीएच.डी. प्रवेशासाठी संदर्भ धरून दोन पानांचा संशोधन प्रस्ताव द्यायचा आहे. विषय गुलाबी बोंडअळी आणि कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या गंधाने बोंडअळीचे नर पतंग ओढून पकडणारे सापळे. ३१ संदर्भांनी पाऊण पान व्यापलं. ती विचारते, 'सर, अक्षर बारीक करू की संदर्भ गाळू?'

अक्षर बारीक करू नकोस. प्रस्तावाची झेरॉक्स निघाली की ८ पॉइंटचं अक्षर पुसट होतं, आणि जे वाचता येत नाही त्याचा तुला काय उपयोग?

गाळायला हरकत नाही, फक्त कुठले ते नीट बघ. 'बोंडअळीमुळे कपाशीचं नुकसान होतं' या वाक्याला तू पाच संदर्भ जोडलेत. २०१७ चा हंगाम ज्यांनी पाहिला त्यांना हे पाच वेळा सांगावं लागत नाही. एक ठेव. उलट 'सलग तीन रात्री दर सापळ्यात ८ पतंग आले की उपाय करायचा' हा आकडा तू संदर्भाविनाच लिहिलास. तुझा सगळा प्रस्ताव त्याच आकड्यावर उभा आहे, बेटा. तिथे मूळ संदर्भ हवाच.

मग मांडणी. प्रवेशसूचनेत ठरावीक शैली सांगितली असेल तर तीच पाळ. नसेल तर क्रमांकाची शैली घे, उदाहरणार्थ व्हँकुव्हर. मजकुरात लेखकांची नावं आणि सालं येतात तिथे नुसता आकडा येतो. ३, ४, ५ असे लागोपाठ आले की ३–५. सूचीत सहा लेखकांपुढे 'एट अल.' (म्हणजे 'आणि इतर'), पानं २८४–२८७ ऐवजी २८४–७. नियतकालिकाचं नाव मान्य संक्षेपात लिही: 'जर्नल ऑफ इकॉनॉमिक एन्टमॉलॉजी'चं 'जे. इकॉन. एन्टोमोल.' होतं. 'नेचर'सारखं एकशब्दी नाव मात्र तसंच राहतं. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळख क्रमांक, दिलास तर लांबलचक लिंक काढून टाक. तरीही जागा कमी पडली तर प्रत्येक नोंद नव्या ओळीवर न घेता सलग परिच्छेदात लिही, क्रमांक ठळक कर.

भौतिक, रसायनशास्त्रातली काही नियतकालिकं लेखाचं शीर्षकही गाळतात. तू ते करू नकोस. तू नेमकं काय वाचलंस, हे समितीला शीर्षकांवरूनच कळतं. साल, खंड, पान तर गाळूच नये. त्यांच्याशिवाय लेख शोधायचा कसा?

हे सगळं हाताने टंकत बसू नकोस. कॉलेजच्या संगणकावर झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर टाकून घे, फुकट आहे. वर्डमध्ये शैली बदलली की अख्खी सूची बदलते. संक्षेप तेवढे स्वतः तपास.

पत्रात तू लिहिलंस की बाबांच्या वावरात दोन हंगाम सापळे लावून रोज पतंग मोजलेस. प्रस्तावात त्याचा एक शब्दही नाही! जी जागा मोकळी होईल, तिथे त्या नोंदी लिही.