प्रश्नावली पाठवण्याआधी

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझा प्रश्नावलीचा मसुदा मिळाला. ऊसतोड मजुरांच्या उचलीवर, म्हणजे हंगामाआधी त्यांना मिळणाऱ्या आगाऊ रकमेवर, काम करायचं ठरवलंस, बरं वाटलं. प्रश्न नेमके आहेत, पाल्हाळ नाही. अडकलो ते शेवटच्या पानावर. ‘माहिती कोणाकडून’ या रकान्यात तू साखर कारखान्याचे शेतकी अधिकारी आणि मजुरांच्या टोळ्या जमवणारे मुकादम एवढंच लिहिलं आहेस. का, ते मला कळतं. ही माणसं फोनवर सापडतात, फॉर्म भरून देतात, आकडे तोंडपाठ असतात. पण या रकान्यावर बोलण्याआधी तुला एका जर्मन संस्थेबद्दल सांगायचं आहे. परीक्षेपुरती तू ती वाचली असशील.

‘फेराइन फ्यूर सोत्सिआलपोलिटिक’, म्हणजे आपल्या भाषेत सामाजिक धोरण संघ. १८७१ मध्ये जर्मनी एक झाला, कारखाने भराभर वाढले आणि बर्लिनमध्ये मजुरांना डोकं टेकायला जागा मिळेना. ऑक्टोबर १८७२ मध्ये आयझेनाख गावी काही प्राध्यापक, सरकारी अधिकारी आणि पत्रकार जमले. गुस्ताव श्मोलर संप आणि कामगार संघटनांवर बोलले, लुयो ब्रेंटानो कारखाना कायद्यांवर, आणि प्रशियाच्या सांख्यिकी कार्यालयाचे प्रमुख एर्न्स्ट एंगेल घरांच्या टंचाईवर. (उत्पन्न वाढलं की खर्चातला अन्नाचा वाटा घटतो, हा नियम मांडणारे तेच हे एंगेल.) पुढच्या वर्षी संघ रीतसर स्थापन झाला. बाजाराला हात लावू नका म्हणणारे एका बाजूला, क्रांतीची भाषा करणारे दुसऱ्या बाजूला, आणि ही मंडळी मधोमध. त्यामुळे शिव्या दोन्हीकडून. ओपेनहाइम नावाच्या एका उदारमतवाद्याने त्यांना ‘प्राध्यापकी खुर्चीतले समाजवादी’ म्हणून हिणवलं आणि ते नाव कायमचं चिकटलं.

सुरुवातीला ते अधिवेशनात चर्चा करत आणि शेवटी ठरावावर मत घेत. १८७९ मध्ये फ्रँकफुर्टला आयात जकातीचा प्रश्न आला. जर्मनीचा चॅन्सेलर बिस्मार्क याचं नवं जकात धोरण तेव्हा ऐन रंगात होतं. मतदानात संघ उभा फुटला. त्यानंतर त्यांनी ठराव करणंच सोडून दिलं. काही लोक याला पळपुटेपणा म्हणतात, मला तसं वाटत नाही. जकात हिताची की घातक, हे सभागृहात किती हात वर झाले त्यावर ठरत नसतं. उशिरा का होईना, ते त्यांच्या ध्यानात आलं.

पुढे १८८३ मध्ये आजारपणाचा विमा आला, १८८४ मध्ये अपघाताचा, १८८९ मध्ये म्हातारपण आणि अपंगत्वाचा. हे सगळं संघाच्या खात्यावर जमा करणारे लेख तुला भेटतील. तेवढं खरं मानू नकोस. हवा तयार करण्यात या प्राध्यापकांचा हात होताच, पण बिस्मार्कचं गणित वेगळं होतं. १८७८ मध्ये समाजवाद्यांवर बंदी घातल्यावर कामगारांना सरकारच्या बाजूला वळवायला त्याला काहीतरी हातात द्यायचं होतं.

माझ्या मते संघाचं खरं काम त्याच्या अहवालांत आहे. ठराव थांबले आणि पाहण्या वाढल्या. खेड्यांतली सावकारी, घरबसल्या चालणारे उद्योग, फेरीवाले, एकेका विषयावर जाडजूड खंड निघाले. त्यातला एक मात्र तू काढून वाचच. १८९१ च्या अखेरीस संघाने शेतमजुरांची पाहणी सुरू केली आणि एल्बे नदीच्या पूर्वेकडचा भाग माक्स वेबर नावाच्या तरुण वकिलाकडे (पुढे मोठा समाजशास्त्रज्ञ झाला तोच) सोपवला. १८९२ मध्ये त्याचा सुमारे नऊशे पानांचा ग्रंथ छापून आला, तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता.

त्यात ‘इन्स्टमान’ नावाचा मजूर भेटतो. मालकाच्या जमिनीवर झोपडी, थोडी जमीन, गाईला चारा आणि मळणीतला वाटा, असा त्याचा वर्षाचा करार. पण करार त्याच्या एकट्याचा नसे. सोबत आणखी एक काम करणारा माणूस त्यालाच पुरवावा लागे, पोरगा-पोरगी असो नाहीतर पदरचं ठेवलेलं कुणी. हे वाचलं की मला आपला ‘कोयता’ आठवतो. नवरा-बायको दोघं मिळून एक कोयता, उचल मात्र नवऱ्याच्या नावावर. वेबरला दिसलं ते असं: मळणीयंत्र आणि बीटाची शेती आली, मालकांना रोख मजुरीवरचे हंगामी पोलिश मजूर स्वस्त पडू लागले आणि जुना करार मोडत गेला. पण मजूर निघून जात होते ते फक्त पोटासाठी नव्हे. रोख मजुरीवर हातातोंडाची गाठ पडणं कठीण होत होतं, तरी त्यांना मालकाच्या अंगणातून सुटायचं होतं.

आता मुद्द्याची गोष्ट. ही प्रश्नावली गेली कुणाकडे? जमीनदारांकडे. तीन हजारांहून जास्त पाठवल्या, दोन हजारांहून जास्त भरून परत आल्या. एकाही मजुराला कुणी विचारलं नव्हतं. मजुरी किती आणि धान्य किती, एवढ्यापुरती मालकांची माहिती चालेल असं वेबरचं म्हणणं होतं, पण उणीव त्याला दिसत होती. म्हणून लगेच पुढची पाहणी त्याने पाउल ग्योरे या पाद्र्याबरोबर दुसऱ्या एका संस्थेसाठी केली आणि प्रश्न गावोगावच्या पाद्र्यांना धाडले. मालकापेक्षा पाद्री बरा, पण मजूर अजूनही लांबच.

१९०८ च्या सुमारास संघाने मोठ्या कारखान्यांतल्या कामगारांची पाहणी काढली तेव्हा कागद थेट कामगारांकडे गेले. फार थोडे परत आले. कामगार बिचकले, मालक बिचकले. तेव्हा मारी बेर्नाइस ही हायडेलबर्गची विद्यार्थिनी म्युन्शेन-ग्लाडबाखच्या सूतगिरणीत कोणाला न सांगता बॉबिन भरायच्या कामाला लागली. काही आठवडे काढल्यावर तिने आपली ओळख उघड केली आणि मग गिरणीच्या नोंदवह्याही तिला बघायला मिळाल्या. तिचा ग्रंथ १९१० मध्ये निघाला. आजची नैतिकता समिती हे करू देणार नाही, आणि तूही करू नकोस. पण मागावर उभं राहून जे दिसतं ते मालकाच्या फॉर्ममध्ये येत नाही, एवढं तिने दाखवलं.

वेबरबद्दल आणखी एक सांगतो, कारण तू त्याची भक्त होशील अशी भीती वाटते. त्याच शेतमजुरांच्या अभ्यासातून त्याने पूर्वेची सीमा पोलिश मजुरांना बंद करा असा निष्कर्ष काढला. त्यात आकडे किती आणि जर्मन राष्ट्राभिमान किती, हे तूच वाचून ठरव. आणि हाच वेबर १९०९ मध्ये व्हिएन्नाच्या अधिवेशनात भांडला, की ‘आहे काय’ आणि ‘असावं काय’ यांची सरमिसळ करू नका. १९१४ च्या जानेवारीत त्याच प्रश्नावर बंद दाराआड पुन्हा खडाजंगी झाली. श्मोलरच्या पिढीला हे पटणं अवघडच होतं, त्यांनी संघ काढला होता तोच काहीतरी घडवायला. मला दोघांचंही पटतं, पण प्रश्नावली बनवताना वेबरचं ऐक.

पुढचं थोडक्यात. नाझी काळात, १९३६ मध्ये, संघ विसर्जित झाला. १९४८ मध्ये पुन्हा उभा राहिला. आज तो जर्मन भाषक अर्थतज्ज्ञांची मुख्य संघटना आहे, सदस्य चार हजारांच्या घरात. दरवर्षी अधिवेशन भरतं, पंचेचाळिशीच्या आतल्या संशोधकाला गोसेन पुरस्कार मिळतो. २०१२ मध्ये त्यांनी आचारसंहिता केली, संशोधनाला पैसा कुणाचा हे सांगायला हवं अशी. गणित भरपूर वाढलं, मजुरांच्या झोपडीपर्यंत जाणं कमी झालं, असं माझं म्हणणं. तुला पटेलच असं नाही.

आणि हे सगळं आपल्याला परकं आहे असं समजू नकोस. वेबरचा ग्रंथ आला त्याच १८९२ साली न्यायमूर्ती रानडे पुण्यात डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर बोलले. इंग्रजी अर्थशास्त्राचे नियम सगळ्या देशांना सारखेच लागू पडतात, हे त्यांनी नाकारलं, आणि आधार घेतला तो जर्मन ऐतिहासिक पंथाचा, म्हणजे ज्या त्या देशाचा इतिहास आणि परिस्थिती पाहून अर्थशास्त्र मांडणाऱ्या श्मोलरसारख्यांचा.

तर तुझा रकाना. मुकादमाला विचार, जरूर विचार, पण पहिला नको. आधी फडावर जा, तेही संध्याकाळी, गाडी भरून झाल्यावर. बायकांशी नवऱ्यासमोर बोलू नकोस. अर्ध्या कोयत्याचा हिशोब त्यांना जास्त नीट माहीत असतो. उचल किती घेतली हे तोंडी विचारून भागणार नाही, फिटली किती ते वजनाच्या पावत्यांवरून ताडून बघ. कारखान्याचे आकडे शेवटी घे, आणि ते कुणी दिले हे प्रत्येक तक्त्याखाली लिही. टोळ्या दसऱ्यानंतर गाव सोडायला लागतात, म्हणून सुधारलेला मसुदा गणपतीच्या आत पाठव. लाल शाई घेऊन बसतो.

तुझे,
सर