गाईचे गोमूत्र इंग्रजीतही असते

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. तुझ्या इंग्रजी अहवालाचा मसुदा दोनदा वाचला. व्याकरणाच्या चुका फारशा नाहीत, माहितीही नीट जमवली आहेस, आणि तरीही वाचताना दमछाक होते. कारण शोधावे म्हणून पेन्सिल घेतली आणि ज्यांच्यावाचून अर्थाचे काहीच अडत नाही, तेवढेच शब्द खोडत गेलो. पहिल्या पानाचा जवळजवळ तिसरा हिस्सा खोडला गेला आणि सांगायचे ते सगळे पानावर शिल्लक राहिले.

‘पिवळा पीतांबर’ किंवा ‘गाईचे गोमूत्र’ असे कोणी म्हणाले की आपल्याला हसू येते, कारण पीतांबरातला ‘पीत’ आणि गोमूत्रातली ‘गो’ आपल्याला ऐकू येते. ‘रिटर्न बॅक’, ‘रिपीट अगेन’, ‘को-ऑपरेट टुगेदर’ असे लिहिताना मात्र हात अडखळत नाही, कारण परक्या भाषेतल्या शब्दाच्या पोटात काय दडले आहे ते कानाला जाणवत नाही. ‘रि’ या उपसर्गात ‘मागे’ किंवा ‘पुन्हा’ आधीच बसलेले आहे आणि ‘को’मध्ये ‘एकत्र’. ‘एटसेटरा’तला ‘एट’ म्हणजे लॅटिनमधले ‘आणि’, त्यामुळे ‘अँड एटसेटरा’ लिहिणारा ‘आणि आणि इतर’ लिहीत असतो. यादीची सुरुवात ‘सच अ‍ॅज’ने केली असेल तर शेवटी ‘एटसेटरा’ लावण्याचेही कारण नाही, कारण ही काही निवडक उदाहरणे आहेत हे आधीच सांगून झालेले असते. ‘पिन’मधला ‘एन’ म्हणजेच नंबर आणि ‘एटीएम’मधला ‘एम’ म्हणजेच मशीन, तरी ‘पिन नंबर’ आणि ‘एटीएम मशीन’ यांवरून बोलताना कोणाशी भांडू नकोस, लिहिताना तेवढे टाळ.

या पुनरुक्तीचे याहून खोल मूळ आपल्या मराठीत आहे, आणि त्याबद्दल सहसा कोणी सांगत नाही. आपले वाक्य जोडीने चालते: जरी–तरी, जेव्हा–तेव्हा, ज्याअर्थी–त्याअर्थी. ‘जरी उशीर झाला होता, तरी काम पूर्ण झाले’ यातला ‘तरी’ काढला तर वाक्य लंगडे होते. इंग्रजीला एकच पाय पुरतो. तरी आपण सवयीने ‘ऑलदो’ लिहून पुढे ‘बट’ ठेवतो, ‘सिन्स’ लिहून पुढे ‘सो’ ठेवतो. ‘द रीझन इज बिकॉज’ यातही ‘रीझन’ने कारण येणार असल्याचे सांगितलेले असते, ‘बिकॉज’ तेच पुन्हा सांगतो. तिथे ‘दॅट’ पुरे. ‘डिस्कस अबाउट’ही मला याच घरातले वाटते. आपण एखाद्या विषयावर किंवा विषयाबद्दल चर्चा करतो, तो ‘वर’ आणि ‘बद्दल’ गाठोड्यातून बरोबर येतो. ‘डिस्कस’ हे क्रियापद मात्र कर्म थेट घेते. म्हणजे दोष तुझ्या बुद्धीचा नाही, एका भाषेचे शिस्तशीर व्याकरण दुसऱ्या भाषेत पुनरुक्ती होऊन बसते इतकेच. मीसुद्धा इतकी वर्षे लिहूनही एकाच वाक्यात ‘ऑल्सो’ आणि ‘अ‍ॅज वेल’ दोन्ही टाकतो आणि दुसऱ्या वाचनात एक काढतो.

आता तुझेच एक वाक्य जवळून पाहू. ‘धिस इज टू इन्फॉर्म यू दॅट द मीटिंग हॅज बीन पोस्टपोन्ड टू अ लेटर डेट ड्यू टू द फॅक्ट दॅट द फायनल रिझल्ट्स ऑफ द सर्व्हे हॅव नॉट यट बीन रिसीव्ड बाय अस टिल नाऊ.’ हे 35 शब्द आहेत. पहिले सहा शब्द फक्त ‘मी आता सांगतो’ एवढेच सांगतात, ते गेले. ‘ड्यू टू द फॅक्ट दॅट’ या पाच शब्दांचे काम ‘बिकॉज’ एकटा करतो. ‘यट’ असताना ‘टिल नाऊ’ नको. ‘बाय अस’ हे शेपूट कर्त्याला पुढे आणले की आपोआप गळते. उरते ते असे: ‘द मीटिंग हॅज बीन पोस्टपोन्ड बिकॉज वी हॅव नॉट यट रिसीव्ड द फायनल सर्व्हे रिझल्ट्स.’ हे 15 शब्द झाले.

‘टू अ लेटर डेट’ हे शब्द मी मुद्दाम शेवटी ठेवले आहेत. पुढे ढकललेली सभा नंतरच्याच तारखेला होणार, आधीच्या तारखेला नव्हे, म्हणून ते खोडायचे हे उघड आहे. पण खोडल्यावर तिथे एक भोक पडते: सभा नेमकी कधी? हे चार शब्द लिहून तुला तारीख सांगितल्यासारखे वाटले, आणि वाचणाऱ्यालाही क्षणभर तसेच वाटले असते. मला जो मुद्दा सांगायचा आहे तो इथे आहे. फाजील शब्द जागा अडवतोच, पण पुष्कळदा तो जी माहिती द्यायची राहून गेली तिच्यावर पांघरूण घालतो. ‘व्हेरिअस डिफरन्ट प्रॉब्लेम्स’ असे वाचले की मी विचारतो, किती आणि कोणते? उत्तर लेखकाजवळ नसते, म्हणून दोन विशेषणे.

कोणता शब्द फाजील हे ओळखण्यासाठी मी त्याच्या जागी उलट अर्थाचा शब्द ठेवून पाहतो. ‘फ्री गिफ्ट’ला उलट काय, पैसे घेऊन दिलेली भेट? ‘अ‍ॅडव्हान्स प्लॅनिंग’ला उलट काय, काम झाल्यावर केलेले नियोजन? ‘रेड इन कलर’मधला लाल आकाराने तर लाल असू शकत नाही. उलट टोक हास्यास्पद ठरले की शब्द खोडावा, आणि ते संभवत असेल तर हात आखडावा. तुझ्या वाक्यात ‘फायनल’ मी याच कसोटीवर राखला, कारण आधी तात्पुरते निकाल आले असतील तर तो शब्द काम करतो. आले नसतील तर तोही जाऊ दे. ‘पास्ट हिस्टरी’ला अनेक जण पुनरुक्तीचा नमुना म्हणून नावे ठेवतात, पण डॉक्टरांच्या टिपणात पूर्वीच्या आजारांचा इतिहास, सध्याच्या तक्रारीचा इतिहास आणि कुटुंबाचा इतिहास हे वेगवेगळे रकाने असतात आणि तिथे ‘पास्ट’ला पूर्ण अर्थ आहे.

कायद्याच्या मसुद्यांतल्या जोड्यांनाही हात लावू नकोस. 1066 साली फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर तिथल्या न्यायव्यवहारात फ्रेंच आणि लॅटिन मुरल्या. न्यायालयातले युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत असा कायदा 1362 साली झाला, तरी नोंदी लॅटिनमध्येच ठेवायच्या होत्या. अशा सरमिसळीत ‘विल अँड टेस्टामेंट’, ‘ब्रेकिंग अँड एन्टरिंग’ यांसारख्या जोड्या रुळल्या, ज्यांतला एक शब्द जुन्या इंग्रजीचा आणि दुसरा फ्रेंच किंवा लॅटिन वळणाचा आहे. आपले ‘कागदपत्र’ आणि ‘धनदौलत’ हे शब्द असेच दोन भाषांच्या शेजारातून आले. कायद्यातली प्रत्येक जोडी आज फाजीलच आहे असे मी म्हणणार नाही; तो निर्णय वकिलाचा. साध्या अहवालात मात्र ‘ईच अँड एव्हरी’ लिहून वाक्याला वजन येत नाही.

एक सावधगिरी बाळग. पुनरुक्तीच्या भीतीने एकाच वस्तूला तीन नावे देऊ नकोस. तू आधी ‘सर्व्हे’ म्हणतोस, मग ‘स्टडी’, मग ‘एक्सरसाइज’, आणि वाचणारा तीन वेगळी कामे झाली असे समजतो. पारिभाषिक शब्द दहादा आला तरी दहादा तोच ठेव.

मसुदा सोबत परत पाठवत आहे. दुसऱ्या पानापासून मी काही खोडलेले नाही, ते तुझे तू खोडायचे आहे. ‘कंडक्टेड अ‍ॅन इन्व्हेस्टिगेशन इनटू’ तिथे चार वेळा आहे, चारही ठिकाणी ‘इन्व्हेस्टिगेटेड’ चालेल. आणि सभेची तारीख अजून ठरली नसेल, तर ‘ती अजून ठरलेली नाही’ असे सरळ लिही.

तुझा हितचिंतक