जाहिरात तुमची, खाते कुणाचे?

ऑनलाइन जाहिरातींविषयीचे प्रश्न पाठवा, असे आवाहन आम्ही वाचकांना केले होते. जाहिरात कशी करावी, हे विचारणारी पत्रे थोडी आणि एजन्सीने फसवले असे सांगणारी पुष्कळ, असा अनुभव आला. सगळ्याच एजन्स्या लबाड असतात असे मुळीच नाही. नेटाने काम करणारी छोटी मंडळी आम्हांलाही ठाऊक आहेत. परंतु तक्रारीच्या बहुतेक पत्रांत पैसे व्यावसायिकाचे आणि खाते, आकडे व पासवर्ड मात्र एजन्सीच्या ताब्यात, अशीच स्थिती दिसते. त्यांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची आणि एजन्सींची नावे अर्थातच गाळली आहेत.

प्रश्न : दापोलीजवळ आमचा चार खोल्यांचा होम-स्टे आहे. 'तीन महिन्यांत गूगलवर पहिला नंबर, गॅरंटीने' असे सांगून एका एजन्सीने आमच्याशी दरमहा २९,५०० रुपयांचा करार केला. जाहिरातीचा खर्च त्यातच धरला आहे, असे तोंडी सांगितले. दर महिन्याला रंगीत आलेखांचा रिपोर्ट येतो, त्यात लाखाच्या घरातील 'इम्प्रेशन' (जाहिरात किती वेळा दिसली, तो आकडा) असतात आणि आम्ही पहिल्या क्रमांकावर असल्याचे स्क्रीनशॉटही असतात. बुकिंग मात्र होते तेवढेच आहे. विचारले की 'अल्गोरिदम बदलला, थोडा धीर धरा' असे ऐकायला मिळते. आमची फसवणूक होते आहे की नाही, हे कसे ओळखावे?

उत्तर : आधी 'गॅरंटी'चे पाहू. गूगलच्या निकालांत पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे खुद्द गूगलनेच संकेतस्थळांच्या मालकांसाठीच्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहून ठेवले आहे. तरीही अशी हमी देणाऱ्यांना ती कागदोपत्री पाळता येते, कारण पहिला क्रमांक कोणत्या शब्दांवर, हे करारात लिहिलेलेच नसते. आपल्याला आलेला स्क्रीनशॉट पुन्हा काढा आणि शोधाच्या चौकटीत काय टाइप केले आहे, ते वाचा. तेथे आपल्या होम-स्टेचेच नाव असेल, तर तो पहिला क्रमांक बहुधा एजन्सीवाचूनही आला असता. 'हर्णै बंदराजवळ चार खोल्यांचा शाकाहारी होम-स्टे' अशी लांबलचक ओळ असेल, तर ती एजन्सीच्या कर्मचाऱ्याखेरीज कोणी टाइप केली असेल, असे वाटत नाही. (मासळीच्या हर्णैला येऊन शाकाहारी जेवण शोधणारा पर्यटक भेटलाच, तर आम्हांलाही कळवावे.)

क्रमांक खरोखरच झपाट्याने वर गेला असेल, तर तो कसा गेला, हेही विचारायला हवे. हजारो असंबद्ध संकेतस्थळांवर पैसे देऊन दुवे पेरणे, हा या धंद्यातला जुना मार्ग आहे. अमेरिकेतील जेसी पेनी या मोठ्या दुकानसाखळीसाठी असेच दुवे पेरले गेल्याचे फेब्रुवारी २०११ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने उघड केले, तेव्हा गूगलने त्या कंपनीला निकालांत पार खाली ढकलले. आपल्याला याची कल्पना नव्हती, असे सांगून कंपनीने एजन्सीला काढून टाकले; परंतु शिक्षा झाली ती कंपनीच्या संकेतस्थळाला. एजन्सी उद्या दुसरे गिऱ्हाईक धरते, आपले संकेतस्थळ मात्र तेथेच राहते.

आता पैशांकडे वळू. २९,५०० रुपयांत १८ टक्के जीएसटीचे ४,५०० रुपये धरलेले दिसतात, म्हणजे मूळ रक्कम २५,००० झाली. यांपैकी गूगलला प्रत्यक्ष किती गेले आणि एजन्सीचा मेहनताना किती, हा आपला पहिला लेखी प्रश्न असू द्या. 'सगळे पॅकेजमध्ये आहे' या वाक्यात लबाडीला सर्वांत जास्त जागा मिळते, कारण वीस हजारांच्या जाहिराती दाखवल्या काय आणि तीन हजारांच्या दाखवल्या काय, बिल तेच राहते. दुसऱ्यांच्या वतीने जाहिराती चालवणाऱ्या एजन्सींसाठी गूगलचे स्वतंत्र धोरण आहे. त्यानुसार जाहिरातींचा खर्च, त्या किती वेळा दिसल्या आणि त्यांवर किती क्लिक झाले, हे गिऱ्हाइकाला नियमितपणे कळवणे एजन्सीवर बंधनकारक आहे. वेगळा मेहनताना घेत असल्यास ते सांगावे लागते आणि मागितल्यास खात्याचा क्रमांकही द्यावा लागतो. हा क्रमांक दहा आकडी असतो. तो ई-मेलने मागा आणि त्यासोबत खाते केवळ पाहण्यापुरता प्रवेश मागा. खाते गोपनीय आहे असे उत्तर आले, तर तीच पुरेशी खूण समजावी, असे आमचे मत आहे.

प्रवेश मिळाल्यावर आलेखांच्या नादी न लागता दोन ठिकाणी जावे. जाहिरात दिसण्यापूर्वी लोकांनी नेमके काय शोधले होते, त्या शब्दांची यादी खात्यात असते. एजन्सीने 'दापोली' हा शब्द सैल जुळणीने, म्हणजे त्याच्याशी दूरान्वयाने जुळणाऱ्या शोधालाही जाहिरात दिसेल असा, टाकून ठेवला असेल आणि नको असलेले शब्द वगळले नसतील, तर 'दापोली कृषी विद्यापीठ निकाल' शोधणाऱ्या विद्यार्थ्यालाही आपली जाहिरात दिसू शकते. त्याने चुकून क्लिक केले की पैसे आपले जातात आणि रिपोर्टात मात्र क्लिक वाढल्याचे झळकते. दुसरी जागा म्हणजे बदलांची नोंद. खात्यात कोणी, कोणत्या दिवशी, काय बदलले, याची मागील दोन वर्षांपर्यंतची नोंद तेथे राहते. एजन्सी महिनाभर 'ऑप्टिमायझेशन', म्हणजे जाहिरातींत सुधारणा, करत असल्याचे सांगत असेल आणि नोंदीत त्या महिन्याचे पान कोरे असेल, तर वाद घालण्याचे कारण उरत नाही.

'कन्व्हर्जन', म्हणजे जाहिरात पाहून झालेली चौकशी किंवा बुकिंग, या रकान्याबद्दलही सावध राहावे. संपर्काचे पान नुसते उघडले तरी ते कन्व्हर्जन धरायचे, अशी मांडणी करता येते आणि ती सर्रास केली जाते. रिपोर्टात शंभर कन्व्हर्जन आणि नोंदवहीत सहा फोन, असा मेळ बसत नसेल, तर कन्व्हर्जन म्हणजे नेमके काय मोजले, ते लिहून मागावे. एजन्सीला कळू न देता थोडी शहानिशा करायची असेल, तर फेसबुकच्या जाहिरात-संग्रहात आपल्या पेजचे नाव टाकून पाहता येते. सध्या जाहिरात चालू आहे की नाही, ते तेथे कोणालाही विनामूल्य दिसते. गूगलचीही अशी सोय २०२३ पासून आहे, मात्र जाहिरातदार म्हणून एजन्सीचेच नाव नोंदलेले असेल, तर त्या नावाने शोधावे लागेल.

प्रश्न : येवल्यात आमचे पैठणीचे दुकान आहे. एजन्सीशी पटेनासे झाल्यावर करार संपवला, तर आता ते संकेतस्थळ, फेसबुक पेज आणि गूगल मॅपवरची दुकानाची नोंद परत द्यायला तयार नाहीत. 'सेटलमेंट' म्हणून मोठी रक्कम मागतात. करारात 'न्यायक्षेत्र मुंबई' असे लिहिले आहे. आम्ही व्यापारी असल्याने ग्राहक न्यायालय आमचे ऐकणार नाही, असे एका परिचितांनी सांगितले. आता काय करावे?

उत्तर : तीन गोष्टींचे तीन वेगळे मार्ग आहेत. मॅपवरील नोंदीसाठी आपल्या गूगल खात्यातून मालकी मागण्याची विनंती पाठवता येते. ती सध्याच्या ताबेदाराकडे जाते, आणि त्याने ठरावीक मुदतीत उत्तर दिले नाही, तर दुकान आपलेच असल्याची पडताळणी करून मालकी मिळवण्याचा मार्ग खुला होऊ शकतो. विनंती नाकारली गेली, तरी त्या निर्णयाविरुद्ध दाद मागता येते. फेसबुक पेजसाठी दुकानाचे परवाने आणि जीएसटी प्रमाणपत्र जोडून कंपनीकडे तक्रार करावी लागते. येथे चिकाटी हवी.

डोमेनचे, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्याचे, प्रकरण सर्वांत अवघड, कारण नोंदणी एजन्सीच्या नावावर असेल, तर डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या लेखी मालक तीच ठरते. म्हणून आधी नोंदणी कोणाच्या नावावर आहे, ते डोमेनची नोंदणी दाखवणाऱ्या 'हू-इज' या ऑनलाइन शोधात पाहा किंवा संबंधित कंपनीला विचारा. आपल्या नावावर असेल आणि एजन्सीकडे फक्त पासवर्ड असेल, तर ओळखपत्रे देऊन ताबा परत मिळवता येतो. नसेल, तर डोमेनच्या खरेदीचे पैसे आपण दिल्याची बिले आणि व्हॉट्सअ‍ॅपवरील संभाषण जपून ठेवा, वकिलामार्फत नोटीस द्या आणि दरम्यान बिलांवर, पिशव्यांवर नवा पत्ता छापायची तयारी ठेवा. शेवट '.इन' असेल आणि दुकानाच्या नावावर आपला हक्क दाखवता येत असेल, तर त्या डोमेनांचा कारभार पाहणाऱ्या निक्सी या संस्थेच्या लवादाकडेही जाता येते. परंतु तेथे समोरच्याचा हेतू वाईट होता, हे सिद्ध करावे लागते.

आपल्या परिचितांचे म्हणणे अर्धेच खरे आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यापारी प्रयोजनासाठी सेवा घेणाऱ्याला ग्राहक मानलेले नाही. मात्र केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेल्या वस्तूंचा वापर व्यापारी प्रयोजन धरला जात नाही; कायद्याच्या शब्दांत येथे सेवेचा उल्लेख नाही, त्यामुळे ही सूट सेवेलाही मिळेल, अशी खात्री देता येत नाही. दुकान आपण स्वतः चालवत असाल आणि घर त्यावरच चालत असेल, तर तक्रारीत हे पहिल्याच परिच्छेदात लिहावे. आपण राहता किंवा व्यवसाय करता, त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करण्याची मुभा याच कायद्याने दिली आहे, त्यामुळे करारातील 'न्यायक्षेत्र मुंबई'ला एवढे घाबरू नये. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल, तर शुल्क लागत नाही. तक्रार करण्याची मुदत दोन वर्षांची आहे. शोरूममध्ये पगारी माणसांचा मोठा ताफा असेल, तर मात्र हा मार्ग कदाचित बंद होईल आणि दिवाणी दाव्याचा विचार करावा लागेल.

प्रश्न : मी एका डिजिटल मार्केटिंग एजन्सीत नोकरीला लागलो. गिऱ्हाइकांच्या दवाखान्यांना आणि हॉटेलांना वेगवेगळ्या खात्यांवरून पाच तारे देऊन परीक्षणे लिहिणे, हे माझ्याकडचे रोजचे काम आहे. आता स्पर्धकांना एक तारा देण्यासही सांगितले जात आहे. 'सगळेच करतात' असे वरिष्ठ म्हणतात. पहिलीच नोकरी आहे, काय करावे?

उत्तर : करणारे पुष्कळ आहेत, हे खरे, परंतु ते चालून जाते, हे आता तितकेसे खरे नाही. खोटे फॉलोअर आणि लाइक विकणाऱ्या देवुमी या अमेरिकी कंपनीवर ग्राहकहित पाहणाऱ्या तेथील फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने कारवाई केली आणि २०१९ मध्ये २५ लाख डॉलरचा आदेश निघाला. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन परीक्षणांसाठी २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक आणले. ते ऐच्छिक स्वरूपात आले, हे त्याचे दुबळेपण होय. खोट्या परीक्षणांचा सुगावा लागल्यास गूगल त्या दुकानाला नवी परीक्षणे मिळणे काही काळ थांबवू शकते आणि खोटी परीक्षणे काढून टाकल्याची सूचना त्याच्या नोंदीवर लावू शकते. म्हणजे ज्याचे पैसे घेऊन काम करायचे, त्याचेच नाक कापले जाते, आणि बहुधा त्याला हे काम चालू असल्याचे माहीतही नसते.

दवाखान्यांचा मुद्दा आम्हांला सर्वांत गंभीर वाटतो. हॉटेलच्या खोट्या स्तुतीने एक जेवण वाया जाते; पोटदुखीचा रुग्ण मात्र त्याच ताऱ्यांकडे पाहून डॉक्टर निवडतो. स्पर्धकाबद्दल खोटा मजकूर लिहिणे हे तर बदनामीच्या गुन्ह्याकडे जाणारे काम आहे, आणि ते आपल्या हातून, आपल्या मोबाइलवरून झालेले असेल. दोन्ही कामांस नकार द्या. नोकरी टिकवणे भाग असेल, तर निदान वैयक्तिक खाते आणि फोन त्यासाठी वापरू नका आणि सूचना लेखी मागा. लेखी द्यायची वेळ आली की अशा सूचना बहुतेक वेळा आपोआप थांबतात. खऱ्या गिऱ्हाइकाला काम झाल्यावर परीक्षणाचा दुवा पाठवून विनंती करणे पूर्णपणे रीतसर आहे. वरिष्ठांना तो पर्याय सुचवून पाहा आणि दरम्यान दुसरी नोकरी शोधायला लागा.

प्रश्न : 'गूगलमधून बोलतोय, तुमच्या दुकानाची मॅपवरची नोंद आज रात्री बंद होईल, ५,९०० रुपये भरा' असा फोन आला. भरावेत का?

उत्तर : भरू नयेत. मॅपवर दुकानाची नोंद करणे आणि ती चालू ठेवणे, या दोन्हींसाठी गूगल पैसे घेत नाही. ५,९०० ही रक्कम ५,००० अधिक जीएसटी अशी बेतलेली असते, म्हणजे बिल खरे वाटावे. फोनवर आलेला पडताळणीचा क्रमांक सांगितला असेल, तर नोंदीचा ताबा गेला नाही ना, हे लगेच पाहून पासवर्ड बदला. पैसे गेले असतील, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तत्काळ तक्रार करा. पहिल्या काही तासांत कळवल्यास रक्कम पुढच्या खात्यात गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.