बसबूसा बिघडतो तो रव्यात आणि पाकात

बसबूसा म्हणजे ओव्हनमध्ये भाजून पाकात मुरवलेल्या रव्याच्या वड्या, इजिप्तकडचा गोड पदार्थ. तुम्ही विचारलंय की तो दर वेळी का बिघडतो: तीन प्रयत्न आणि तीन वेगळे घोटाळे. पहिल्यांदा शिरा, दुसऱ्यांदा वीट, तिसऱ्यांदा वड्या उचलतानाच भुगा. कृती तिन्ही वेळा एकच, ओव्हन तोच, म्हणजे कृतीच चुकीची असणार, असं तुम्ही म्हणता. मला तसं वाटत नाही. उत्तरं तुमच्या प्रश्नातच आहेत. पहिल्यांदा घरात बारीक रवा होता, दुसऱ्यांदा पाक 'चांगला एकतारी' केला आणि तिसऱ्यांदा रवा आधी खमंग भाजून घेतला.

शेवटच्या दोन चुका आपल्या मराठी हाताच्या आहेत, मीही केल्यात. आम्ही 11 वर्षं मस्कतला होतो आणि समोरच्या दारात इजिप्तमधल्या मन्सूराच्या एक बाई राहायच्या. रमजानात त्यांच्याकडून ताटली यायची. ती रिकामी कशी परत करायची म्हणून मी स्वतःच बसबूसा करून पाठवायचं ठरवलं. पाक म्हटल्यावर हात आपोआप तार बघतो. सकाळी पाहिलं तर वर साखरेचा पांढरा पापुद्रा आणि आत कोरडा ठाक रवा. बाईंनी एक वडी टेबलावर ठोकून पाहिली, काही बोलल्या नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी मला त्यांच्या ओट्यापाशी उभं केलं. पुढचं सगळं तिथलं आहे, वर माझी थोडी भर.

आधी रवा. जाडा घ्या, उपम्याचा. बारीक किंवा चिरोटी रवा दही-पाक भराभर पितो आणि लगदा होतो. तुमचा शिरा त्यामुळेच झाला. बसबूसात कण दाताखाली यायला हवा, मऊ असूनही. तिकडचा रवा बहुतेक ड्युरम गव्हाचा, पिवळसर आणि टणक कणांचा असतो. आपल्याकडे त्याच्या सर्वांत जवळचा म्हणजे बन्सी रवा. बन्सी हा ड्युरमच. मिळाला तर तोच वापरा, नाही तर साधा जाडा चालतो, मात्र दही दोन चमचे कमी घ्या. आणि भाजू नका! लाडवासाठी भाजतो कारण तो पुन्हा शिजणार नसतो. इथे रवा ओव्हनमध्ये शिजायचा आहे. भाजलेल्या रव्याची पकड सुटते, वडी उभी राहत नाही. 'भाजलेला' असं लिहिलेली पाकिटंही मिळतात, तीही नकोत.

8 इंची चौकोनी टिनासाठी माझं माप: जाडा रवा 2 कप, साखर पाऊण कप, पातळ केलेलं साजूक तूप अर्धा कप, घट्ट दही 1 कप, डेसिकेटेड खोबरं अर्धा कप, बेकिंग पावडर 1 चहाचा चमचा, चिमूट मीठ. खोबऱ्यावरून इजिप्शियन घरांत वाद होतात. त्या बाई घालायच्या, त्यांच्या जाऊबाईंना ते बिलकूल चालायचं नाही. मी घालते. घरचं दही पातळ असेल तर अर्धा तास फडक्यात टांगून ठेवा.

आता ज्यावर सगळं अवलंबून आहे ते. रवा, साखर, खोबरं, मीठ आणि बेकिंग पावडर परातीत घ्या, वर तूप ओता आणि बोटांनी चोळा. करंजीच्या रव्या-मैद्याला मोहन चोळतो तसं, प्रत्येक कणाला तूप लागेपर्यंत. तुपाचा हात फिरलेला कण दह्याचं पाणी एकदम ओढत नाही, म्हणून तो भिजूनही सुटा राहतो. मग दही घालून चमच्याने जेमतेम एकत्र करा. फेटायचं नाही, मिक्सर तर नाहीच. केक म्हणून याच्याकडे पाहिलं की हात फेटायला जातो. रवाही गव्हाचाच, घोटला की चिवट होतो. टिनात भरून जितका चोळाल-ढवळाल तितका तो रबरी होईल. बाई ओल्या तळव्याने वरून हलकेच थापायच्या, बस.

टिनाला तूप लावा. लेबनॉनमध्ये याच पदार्थाला नम्मूरा म्हणतात आणि तिथे टिनाला तूप न लावता ताहिनी, म्हणजे तिळाचं पातळ वाटण, लावतात. तळ खमंग होतो, तिळाचा वास येतो. एकदा करून पाहण्यासारखं आहे. मिश्रण 15-20 मिनिटं मुरू द्या, रात्रभर नको. मग सुरीने शंकरपाळ्याच्या आकारात वड्या पाडा आणि प्रत्येकीवर सोललेला अर्धा बदाम दाबून बसवा. आधीच कापायचं कारण सौंदर्य नाही, पाकाला खाली जायला वाट हवी. भाजून झाल्यावर त्याच रेघांवरून सुरी पुन्हा एकदा तळापर्यंत फिरवा.

ओटीजी 180 अंशांवर आधी तापवलेला, मधला रॅक, 30 ते 35 मिनिटं. कडा टिनापासून सुटल्या की शेवटची 4-5 मिनिटं फक्त वरचा रॉड, सोनेरी तपकिरी रंग येईपर्यंत. फिका राहिला तर पाक ओतल्यावर बेचव लागतो. कढईत मीठ तापवून करणाऱ्यांना वरून रंग येत नाही, त्यांनी झाकणाऐवजी तापलेला तवा उपडा घालून पाहावा. मी एकदाच केलंय, बरं जमलं होतं.

पाक मात्र भाजायला ठेवल्या ठेवल्या करून बाजूला ठेवा. दीड कप साखर, एक कप पाणी. साखर विरघळून उकळी आली की मध्यम आचेवर 7-8 मिनिटं, त्यात चमचाभर लिंबाचा रस. एकतारीच्या खूप आधी थांबायचं. गुलाबजामचा पाक आठवा: बोटांना चिकटतो, पण तार येत नाही. तार आली म्हणजे पाणी इतकं उडालं की पाक कणांत शिरण्याआधी वरच साखर धरतो. तुमची वीट तीच. लिंबू चवीला नाही. आंबटपणामुळे थोडी साखर तुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते आणि असा मिश्र पाक सहजी दाणेदार होत नाही. आच बंद केल्यावर चमचाभर गुलाबपाणी, किंवा मिळालं तर संत्र्याच्या फुलांचं पाणी. तेही बेतानं, जास्त झालं तर साबण खाल्ल्यासारखं वाटतं. वेलची घालू नका असं मी म्हणेन. वेलची पडली की जिभेला रव्याचा लाडूच आठवतो आणि मग एवढा खटाटोप कशाला?

गरमवर गार की गारवर गरम, यावर लोक भांडतात. बाई टिन ओव्हनमधून काढताच कोमट पाक ओतायच्या, आणि मला तेच जमतं. चर्र आवाज यायला हवा. दोन्ही कढत असतील तर कडा विरघळल्यासारख्या मऊ होतात, दोन्ही गार असतील तर पाक वर तळ्यासारखा साचतो. सगळा एकदम ओतू नका. पळीने तीन वेळा, दरवेळी आधीचा जिरल्यावर. पहिल्या पळीला वाटेल की फारच पाक झाला. जिरतो. तरी वाटीभर मागे ठेवून तासाभराने पाहा; बन्सी रवा सगळा पिईल, साध्या जाड्या रव्याला कदाचित तेवढा लागणार नाही.

कुणीतरी विचारलंय की बसबूसा आणि हरीसा एकच का. अलेक्झांड्रियात आणि पॅलेस्टाइन-जॉर्डनकडे हो. ट्युनिशियात हरीसा मागितलात तर लाल मिरचीचं वाटण मिळेल, तेवढं जपून. तुर्की आणि ग्रीक रेवनी भावंडांतली, पण तिच्यात अंडी असतात आणि ती स्पंजासारखी फुगते. तिथे फेटणं लागतंच. गोव्याचा बाथ रवा-खोबऱ्याचा असला तरी त्याला पाक नाही, म्हणून हे नियम त्याला लावू नका.

पाक घातल्यावर निदान तीन तास हात लावू नका, आणि गरम असताना झाकू नका, वाफेचं पाणी वर पडतं. फ्रिजमध्येही नको. तूप थिजतं आणि तुम्ही पुन्हा इथे येऊन 'चौथ्यांदा वीट झाली' असं लिहाल. झाकून बाहेर तीन दिवस छान राहतो, दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो. तिकडे यावर किश्ता, म्हणजे दाट मलई, घेतात, आपल्याकडे सकाळच्या दुधावरची जाड साय चालते.