पुन्हा भेटणार नसेल, तर वगळ

प्रिय,

तुझा अभ्यासक्रमाचा मसुदा वाचला, चिठ्ठीही वाचली. 'काहीच सोडवत नाही,' असं लिहिलं आहेस. विषयावर जीव असला की असंच होतं. तरी सोडावं लागेल. एकदा शिकवला की पुन्हा कधी भेटणारच नाही, असा घटक ठेवू नकोस.

प्रमाण विचलनच घे, म्हणजे आकडे सरासरीपासून किती विखुरलेत याचं माप. तुझ्याकडे ते पहिल्या सत्रात येतं, परीक्षेत एका प्रश्नापुरतं उरतं आणि संपतं. तेच तिसऱ्या सत्रात प्रयोगशाळेतल्या विखुरलेल्या नोंदींपुढे मुलांना पुन्हा लागू दे. पाचव्यात कुणाचा तरी अहवाल त्यांच्या हातात ठेव आणि त्यांना विचार, हा निष्कर्ष का मानायचा? सूत्र तेच, प्रश्न मात्र दर खेपेला अवघड. मानसशास्त्रज्ञ ब्रूनर यांनी १९६० मध्ये सर्पिल अभ्यासक्रम मांडला, म्हणजे तोच विषय दर फेरीला अधिक खोलवर, तो याचसाठी.

मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांचा २००६ मधला प्रयोग तुला ठाऊक असेलच. उतारा परत परत वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवड्यानंतर मात्र, वाचून झाल्यावर आठवून लिहिणारे पुढे गेले. आपली सत्रान्त परीक्षा त्या पाच मिनिटांच्या चाचणीसारखीच आहे. तिच्या निकालासाठी का अभ्यासक्रम आखायचा?

'मग बाकीचं कधी शिकवायचं?' असं विचारशील. नाही शिकवायचं! पाया पक्का असेल तर मुलं ते स्वतः वाचतील, आणि वाचलेलं कळलं की नाही हेही त्यांचं त्यांना उमगायला हवं. शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड बाउड यांनी २००० मध्ये शाश्वत मूल्यमापनाची, म्हणजे शिक्षण संपल्यावरही आपलं काम स्वतः जोखता यावं अशा मूल्यमापनाची, कल्पना मांडली, तिचा गाभा हाच. म्हणून प्रकल्पाचे निकष मुलांकडून लिहून घे, त्यावर आधी त्यांनाच आपलं काम तपासू दे. तेही एकदाच नाही. पुन्हा, पुढच्या सत्रातही.

अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यास मंडळात मी होतो तेव्हा मला हट्टी म्हणत. घटक कापले की दर्जा घसरतो, असं ऐकवत. कसला दर्जा? कापलेल्या जागी मी सुट्टी ठेवली नव्हती, अवघड काम ठेवलं होतं. मी मंडळातून बाहेर पडल्यावर सगळे घटक परत घुसवले गेले, ते अजून सलतं. आज पुन्हा मंडळात बसवलं तरी तेच कापेन.

आता मसुद्यात एक रकाना वाढव: हा घटक पुन्हा कुठे येतो? सत्र लिही, काम लिही. 'आवश्यकतेनुसार' असलं काही लिहू नकोस. रकाना कोरा राहील तो घटक काढ, तुझा लाडका असला तरी, आणि मगच मला पाठव. रात्री उशिरा पाठवलास तरी वाचेन.