एकट्याने कुचिंगला आठवडाभर राहावे का?

आपण विचारले आहे की, सोलापूरहून प्रथमच एकट्याने परदेशी जाताना मलेशियातील कुचिंग या नदीकाठच्या शहरात पूर्ण आठवडा काढावा, की दोन दिवसांत तेथून पुढे निघावे. शिवाय शाकाहारी माणसाचे तेथे निभेल का. मी सोलापुरातच राहते आणि मे महिन्याच्या सुट्टीत कुचिंगला एकटीच राहून आले आहे. माझे स्पष्ट मत असे की आठवडा अवश्य काढावा, आणि त्यातील बहुतेक दिवस सारावाक नदीच्या दोन काठांवरच घालवावेत.

दक्षिण काठावर मेन बाजार, कार्पेंटर स्ट्रीट आणि इंडिया स्ट्रीट अशी जुनी बाजारपेठ आहे, तर उत्तर काठावर मलय लोकांच्या वाड्या, १८७० सालचा अस्ताना हा राजवाडा आणि १८७९ मध्ये बांधलेला फोर्ट मार्गेरिटा हा किल्ला आहे. जपानी ताब्याची वर्षे वगळता १८४१ पासून १९४६ पर्यंत येथे ब्रुक या इंग्रज घराण्याचे राज्य होते. किल्ल्यातील दालनात त्यांची हकिगत नेटकेपणाने मांडलेली आहे; मात्र ती राज्यकर्त्यांच्या बाजूने सांगितलेली वाटते. म्हणून २०२२ मध्ये खुले झालेले बोर्निओ कल्चर्स म्युझियम पाहण्यासाठी एक संपूर्ण दिवस ठेवावा. इबान, बिदायुह आदी जमातींचे विणकाम तेथे पाहताना हातमागाच्या गावातून आलेल्या माणसाचा पाय लवकर निघत नाही.

दोन्ही काठांना जोडणारा पादचारी पूल २०१७ मध्ये झाला, तरी तंबांग नावाच्या छपराच्या लाकडी होड्या अजूनही चालतात आणि किरकोळ भाड्यात काही मिनिटांत पलीकडे पोहोचवतात. येताना पुलावरून या, पण जाताना होडीनेच जा. बाजारहाट करून घरी निघालेल्या माणसांच्या शेजारी बसल्यावर आपण एकटे आहोत याचे अवघडलेपण आपोआप कमी होते, आणि कोठून आलात, एवढे कोणी ना कोणी विचारतेच. मलय, चिनी बोली, इबान आणि इंग्रजी एकाच टपरीवर कानी पडतात. मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी ऐकत वाढलेल्या सोलापूरकराला ते मुळीच परके वाटत नाही.

ऊन आपल्याला नवे नाही, परंतु तेथील दमटपणा नवा आहे. आपल्याकडील मे महिन्यापेक्षा तापमान बरेच कमी असूनही घाम वाळत नाही, त्यामुळे दुपारी हिंडण्याचा हट्ट धरू नये. सोलापुरी जाड टॉवेलही तेथे दोन दोन दिवस ओला राहतो. पातळ पंचा न्यावा.

शहराबाहेर दोनच ठिकाणी जा, असे मी सुचवेन. सेमेंगो या वन्यजीव केंद्रात मोकळ्या जंगलात राहणारे ओरांगउटान हे मोठे वानर सकाळी आणि दुपारी ठरलेल्या वेळी ठेवलेली फळे खायला येतात. रानात फळांचा हंगाम असला की ते फिरकतही नाहीत, आणि त्याचे वाईट वाटून घेऊ नये, कारण त्यांचे पोट जंगलात भरत आहे हीच आनंदाची गोष्ट आहे. दुसरे ठिकाण म्हणजे १९५७ पासून संरक्षित असलेले बाको राष्ट्रीय उद्यान. तेथे बसने बाको गावापर्यंत आणि पुढे होडीने जावे लागते. समुद्राच्या भरती-ओहोटीवर होडीची वेळ अवलंबून असल्यामुळे परतण्याची वेळ नावाड्याशी आधीच पक्की करावी. पाण्यात मगरी असतात, तेव्हा सूचनाफलक वाचल्याशिवाय पाण्यात उतरू नये. लांब नाकाची प्रोबोसिस माकडे पाहायची असतील तर कांदळवनाजवळ सकाळी किंवा उतरत्या उन्हात शांत थांबावे. पायवाटांवर घाईने चालणाऱ्याला ती क्वचितच दिसतात. एकट्याने गेल्याचा खरा लाभ मला येथेच झाला, कारण किती वेळ थांबायचे हे कोणालाही विचारावे लागले नाही.

शाकाहाराबाबत सावध राहावे लागते. तेथील प्रसिद्ध ‘लाक्सा’ आणि ‘कोलो मी’ हे शेवयांचे दोन्ही पदार्थ मांस-मासळीचे असल्याने आपल्यासाठी नाहीत, आणि मिदिन ही नेच्याच्या कोवळ्या कोंबांची चविष्ट भाजीसुद्धा अनेकदा कोळंबीच्या वाटणात परततात. ते न घालता करून द्या, असे सांगावे. चिनी बौद्ध खाणावळींत पूर्ण शाकाहारी जेवण मिळते, तसेच भारतीय मुस्लिमांच्या उपाहारगृहांत पराठ्यासारखी रोटी चनाय मिळते, मात्र सोबत डाळच हवी हे आवर्जून सांगावे. कडक भाकरी आणि शेंगा चटणी जवळ असली की आडवेळेची चिंता उरत नाही.

भारतीय पर्यटकांना मलेशियात ३० दिवसांपर्यंत व्हिसामाफी १ डिसेंबर २०२३ पासून मिळू लागली असून पुढे तिची मुदत २०२६ अखेरपर्यंत वाढवण्यात आली. तिकीट काढण्यापूर्वी ताजा नियम पाहावा. क्वालालंपूरहून देशांतर्गत विमानाने गेलात तरी कुचिंगला पासपोर्ट पुन्हा तपासतात, कारण कुचिंग ज्या सारावाक राज्यात आहे त्याचे प्रवेशाचे अधिकार स्वतंत्र आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात तेथे मुसळधार पाऊस असतो आणि समुद्र खवळला की बाकोच्या होड्या बंद राहू शकतात, म्हणून दिवाळीच्या सुट्टीऐवजी उन्हाळ्याची सुट्टी निवडावी.