पुणे विद्यापीठात एमएस्सीला अॅडमिशन मिळालेल्या बहिणीसाठी सेफ एरिया कोणता? औंध, बाणेर की पाषाण?

गोखलेनगर-जनवाडी. तुमच्या लिस्टमध्ये हे नाव नाहीये आणि का नाहीये तेही मला माहितीये, माझ्या मामाच्या लिस्टमध्ये पण नव्हतं.

मी एमएस्सीला आले तेव्हा मामाने मला न विचारता पाषाणला एका मोठ्या सोसायटीत खोली ठरवली. सीसीटीव्ही, वॉचमन, सगळं चकाचक. पण विद्यापीठाच्या जयकर लायब्ररीतून रात्री निघून बसने उतरलं की मेन रोडपासून सोसायटीच्या गेटपर्यंत दोन्ही बाजूंना नुसत्या कंपाउंडच्या भिंती, एक टपरी नाही की रस्त्याकडे उघडणारी एक खिडकी नाही, आणि तिथेच एकदा बाईकवाला मागे लागला, हळूहळू गाडी चालवत घाण बोलत पार गेटपर्यंत आला. वॉचमनने मलाच विचारलं, "मॅडम, एवढ्या उशिरा?" आणि दुसऱ्या दिवशी मालकाचा मामाला फोन, मुलगी रात्री उशिरा येते म्हणून. मामा म्हणाला लायब्ररीत सातपर्यंतच बसायचं. त्या बाईकवाल्याबद्दल अवाक्षर नाही!

मग मी मैत्रिणीबरोबर जनवाडीत खोली घेतली. सेनापती बापट रोडवरून आत, वर चढून. 1961 च्या पानशेतच्या पुरात घरं गेलेल्यांसाठी वसवलेला भाग आहे हा, पिढ्यानपिढ्या एकमेकांना ओळखणारी माणसं, घरं रस्त्याला लागून, ओट्यावर बायका बसलेल्या असतात. तिथेही एक जण मागे आला होता, तर इस्त्रीवाल्या काकांनी हातातलं काम टाकून "काय रे, कोण पाहिजे?" एवढंच विचारलं आणि तो जो वळला तो परत दिसला नाही. मामा मात्र "त्या वस्तीत मी पाय ठेवणार नाही" म्हणाला आणि खरंच कधी आला नाही.

आता तुमचं. विद्यापीठाचा कॅम्पस चारशे एकरांच्या वर आहे, त्यामुळे "विद्यापीठाजवळ" याला काही अर्थ नाही, तिचं डिपार्टमेंट कोणत्या गेटजवळ आहे आणि रात्री कोणतं गेट उघडं असतं ते आधी बघा. खोली रविवारी सकाळी बघू नका, रात्री नऊनंतर बस स्टॉपपासून चालत जाऊन बघा. आणि तिला घेऊन जा, राहणार ती आहे. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाडेकरार, रजिस्टर करून घ्या, पोलीस व्हेरिफिकेशनला टाळाटाळ करणारा मालक नको. येण्याजाण्याच्या वेळा घालणारा मालक तर अजिबात नको, त्याला सेफ्टी म्हणत नाहीत.

हां, जनवाडीत गणपतीत स्पीकरचा त्रास होतो, खोल्या लहान आहेत आणि प्रत्येक गल्ली सारखी नाही. स्वतःची गाडी असेल तर औंधही चालेल, ब्रेमेन चौकाकडची बाजू बघा. प्रोजेक्ट एनसीएल किंवा आयसर या पाषाणच्या संशोधन संस्थांत असेल तर पाषाणच सोयीचं, फक्त मेन रोडला लागून घ्या.

पण "चांगली वस्ती" म्हणजे महागडं गेट असं जे घरातले पुरुष परस्पर ठरवतात ना, ते मला आजही पटत नाही. मामा अजून लग्नकार्यात सगळ्यांना सांगतो की पोरगी हट्टाने झोपडपट्टीत जाऊन राहिली. झोपडपट्टी नाहीये ती, आणि तिथे राहूनच मी रोज जयकर बंद होईपर्यंत बसू शकले.